पुलाची डावी पाकळी

आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, तोही मेकॅनिकल इंजिनिअर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते, आई घरी कांड्या भरायची, आणि मी डिग्री घेतली. आता ती डिग्री घेऊन मी चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या एका ऑफिसात, सॉफ्टवेअर तपासत बसतो ही गोष्ट वेगळी. गिअरची आणि माझी शेवटची भेट परीक्षेच्या पेपरात झाली.

माझे सासरे तंजावरकडचे मराठी. जन्मभर बँकेत नोकरी केली, पण जीव सगळा एका लाकडी पेटीत. पेटीत भोकंभोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, पितळी दातेरी चाकं, दांडे, नट, स्क्रू. त्यातून ते चालती यंत्रं जुळवतात. क्रेन, घड्याळ, एकदा तर छोटा मागसुद्धा. यंत्र थोडे दिवस चालवायचं आणि सुटं करून टाकायचं, कारण पुढच्या यंत्राला तेच सुटे भाग लागतात.

यंदा त्यांना बारीक नट दिसेनासे झाले. एका रविवारी वेस्ट मांबलमला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा म्हणाले, "माप्पिळ्ळे, ही पेटी आता कुणाला तरी द्यायची." जावयाला ते तमिळमध्ये माप्पिळ्ळे म्हणतात, आणि बाकी सगळं मराठीत.

"कुणाला देताय?" मी विचारलं.

"पाहू. एक शाळा मागते आहे. तुम्ही इंजिनिअर. विजयादशमीपर्यंत एक चालतं यंत्र करून दाखवा, पेटी तुमची. शोकेसमध्ये ठेवायला नक्को."

बायको ताक वाढता वाढता म्हणाली, "अप्पा, ह्याच्याकडून घरचा मिक्सर दुरुस्त होत नाही."

मग काय, मला ती पेटी हवीच झाली.

मी रामेश्वरजवळच्या पांबनचा जुना रेल्वेपूल करायला घेतला. बोट आली की मधून उघडणारा. सासरे त्या उघडणाऱ्या दोन भागांना पाकळ्या म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. एकच हँडल, मध्ये एक लांब दांडा, आणि हँडल फिरवलं की दोन्ही पाकळ्या एकदम वर. दर शनिवार-रविवार त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून जुळवला. उजवी पाकळी झकास उठायची. डावी अर्ध्यावर जाऊन अडकायची. मी दाते मोजले, कागदावर हिशेब मांडला. हिशेब बरोबर. पाकळी अर्ध्यावर. सासरे शेजारी बसून पेपर वाचायचे. त्याचा जास्त त्रास व्हायचा.

आयुधपूजेच्या सकाळीही मी पाना घेऊन बसलेलोच होतो.

"पुरे आता. द्या तो पाना," सासरे म्हणाले.

देवासमोरच्या पाटावर त्यांनी पाना ठेवला, स्क्रूड्रायव्हर ठेवला, माझा लॅपटॉप, बायकोच्या स्कूटरची किल्ली, आणि मधोमध अडलेला पूल. सगळ्याला चंदन-कुंकवाचा ठिपका. आता दुसऱ्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मला हे नवीन नव्हतं. खंडेनवमीला आमचे वडीलही मागाला हार घालून लांब बसायचे, मालकाचा फोन आला तरी. त्यामुळे मी दिवसभर प्रसादाची हरभऱ्याची उसळ, सुंडल, खात त्या डाव्या पाकळीकडे नुसता बघत बसलो. हात शिवशिवत होते. पण लावला नाही. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

विजयादशमीला सकाळी पूजा उतरवली. सासरे म्हणाले, "फिरवा." मी फिरवलं. दोन्ही पाकळ्या सरळ वर गेल्या.

परत फिरवलं. परत गेल्या.

सासरे पुलाकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. "पूजेच्या दिवशी हात लावलात?"

"मी? मला वाटलं तुम्ही लावलात. पेटी मला मिळावी म्हणून."

"मी लावीन?" त्यांचा चेहराच पडला. बँकेतल्या माणसाला कुणी तिजोरीबद्दल विचारावं तसा.

बायको म्हणाली, "तुम्हा दोघांपैकी एकजण थापा मारतोय."

मी पाना उचलून पाहिला. ठिपका जसाच्या तसा. स्क्रूड्रायव्हरचाही. पण नट बोटांनीही सैल होतो, आणि कुंकू तर सगळ्यांच्याच बोटांना लागलेलं. मग वाटलं, पाट सपाट आहे, टेबल डगमगतं, सांगाडा पिळला जात असेल. पूल उचलून टेबलावर ठेवला. तिथेही दोन्ही पाकळ्या वर. मेकॅनिकलची चार वर्षं डोक्यात उलटीपालटी करून पाहिली, काही हाती लागलं नाही.

"चाललं तर चाललं," सासरे म्हणाले. "पेटी घ्या." आणि त्यांनी ती खरंच माझ्यापुढे सरकवली.

घ्यायला हात पुढे होईना. जे का चाललं हेच मला सांगता येत नाही, ते मी केलं असं कसं म्हणू? आमच्या घरात फुकटचं कुणी काही घेतलेलं नाही.

"अप्पा, पेटी इथेच राहू दे," मी म्हणालो. "हा पूल सुटा करू. तुमच्यासमोर पुन्हा जुळवतो, तसाच्या तसा. परत अडकला की का ते कळेल."

"आणि नाही अडकला तर?"

मी पूल त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी कॉफी मागवली आणि पहिला नट स्वतःच सोडला, बोटांनी चाचपत.

आता दर रविवारी मी वेलचेरीच्या आमच्या घरून त्यांच्याकडे जातो. पेटी माझी आहे, असं ते आल्यागेल्याला सांगतात, पण ती असते त्यांच्या टेबलावर. नट मी लावतो, घट्ट झाला का ते बोटांनी ते बघतात. पूल दोनदा जुळवून झाला. एकदाही अडकला नाही. त्यामुळे अजून काहीच कळलेलं नाही, आणि ते माझ्याकडे, मी त्यांच्याकडे, अधूनमधून संशयानं बघत असतो.