फीत कापण्याआधी सुटलेली एसटी

मंडळी, मघाशी मी टाकलेल्या उद्घाटनाच्या फोटोला धडाधड लाईक देताय, जरा थांबा.

आज आमच्या विद्यापीठाच्या डिजिटल मीडिया उपकेंद्राचं उद्घाटन होतं. मी इथला एकुलता एक शिक्षक. प्रवेश घेतलेल्या नेकनूर गावच्या पोरी सकाळीच आल्या होत्या. पण आमदारसाहेबांनी फीत कापल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही, असं स्वागत समितीनं बजावलं. पोरी दिवसभर मांडवात बसून राहिल्या.

दिवस कलला तशी त्यांतली साधना उठली. "सर, शेवटची एसटी हाय. ही चुकली तर घरचे पुन्हा पाठवायचे न्हाईत."

पोरी गेल्या आणि साहेबांच्या गाड्या आल्या.

फोटोत विद्यार्थी हवेत म्हणून कार्यकर्तेच गळ्यातल्या उपरण्यांसकट संगणकांपुढे बसले. संगणक चालूसुद्धा केले नव्हते. वर साहेब म्हणाले, "सर, तुमी डिजिटलवाले ना? टाका की फेसबुकवर!"

टाकला. मग कुलूप लागलं आणि किल्ली साहेबांच्या माणसाच्या खिशात गेली.

आता त्या फोटोखाली भावाच्या मोबाइलवरून साधनाची कमेंट आलीय: "अभिनंदन सर. आमी कवा यायचं?"

तिला काय लिहू, तुम्हीच सांगा.