आभाळातला बिघाड

समस्त कारंजेकरांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, लढाईनंतरच्या त्या कोरड्या आषाढात गावातल्या तमाम रेडिओंवरची परदेशी स्टेशनं एकाच दिवशी वारली.

आमचा रेडिओ मेकॅनिक म्हणजे साक्षात यमदूत. रेडिओला कान लावायचा, एक टपली मारायचा आणि मालकाच्या तोंडावर सांगायचा, "मेला." एकदा एक शेटजी म्हणाले, "जरा बरं बोल ना बाबू." तर म्हणतो, "मंग मुडद्याले पावडर लावू काय?"

त्या दुपारी मी दुकानात बसलो असताना आसेगावचे एक काका रेडिओ छातीशी धरून आले. त्यांचा फौजी मुलगा लढाईत बेपत्ता होता, आणि पलीकडच्या देशाचं स्टेशन रोज काही कैद्यांची नावं वाचत असे.

मेकॅनिकनं रेडिओ लावला. नागपूर खणखणीत लागलं. पलीकडचं ते स्टेशन मात्र नुसतं खरखरलं. दुकानातल्या बाकी रेडिओंचीही तीच गत.

"काका, याले काईच झालं नाई. पेपरात आलं, सूर्यावर वादळ उठलं. वर आभाळात एक थर असते, त्याच्यावर आपटून लांबचा आवाज इकडं येते. तो थरच इस्कटला. हे स्टेशन आज कोनालेच लागून नाई राह्यलं."

काकांनी रेडिओ जवळ ओढला. "म्हंजे आज माह्या पोराचं नाव वाचलं असन, तं कोनीच आयकलं नसन?"

मेकॅनिकनं घाईघाईनं त्या धडधाकट रेडिओचं मागचं झाकण उघडलं आणि ओरडला, "नाई काका, मी चुकलो! बिघाड तुमच्याच रेडिओत हाये, बाकीच्याईनं आयकलं असन!"