वास्तुपुरुषासाठी आणलेली कुंडी

श्रूजबरी, मग पार्सिपनी, मग अर्विंग. अमेरिकेत आमचं बिऱ्हाड दर खेपेला थोडं पश्चिमेकडे सरकत आलं. नवऱ्याच्या पायाला भिंगरी आणि माझ्या डोक्याला ताप. अर्विंगला घर विकत घेतलं तेव्हा मी बजावलं, "आता बास. लेकीची ही तिसरी शाळा आहे. चौथी होणार नाही." तो हो म्हणाला. हो म्हणायला त्याला कधीच जड जात नाही.

वास्तुशांतीच्या सकाळी तो एक मोठी कुंडी घेऊन आला. आग्नेय कोपऱ्यात जमिनीत वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा पुरतात, ती यानं कुंडीत पुरायचं ठरवलं होतं. "प्रॅक्टिकल राहा ना यार. उद्या मूव्ह व्हायला लागलं तर उचलून नेता येईल."

माझं डोकंच फिरलं. ज्याच्या भरवशावर घरात राहायचं, त्यालाच आधीपासून सामानात धरायचं? पण पाहुणे यायला लागले होते, म्हणून गिळलं.

पूजेत गुरुजींनी चारी दिशांना मोहरी टाकली. आमची दहा वर्षांची लेक शेजारी बसून प्रत्येक गोष्टीचा अर्थ विचारत होती आणि गुरुजीही हौसेनं सांगत होते. "या जागेत आपल्याआधी जे कुणी राहत असतील, त्यांना आपण म्हणतो, आता तुम्ही इथून जा."

"व्हेअर शुड दे गो?"

शाळेत तेव्हा तिला हा देश पश्चिमेकडे कसा पसरत गेला ते शिकवत होते. संसार गाड्यांत भरून निघालेली कुटुंबं, आणि त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा उठवले गेलेले इथले मूळचे लोक. गुरुजींनी पोथीचं पान उलटलं.

"वेस्ट?" तिनंच विचारलं.

नवरा हसला. मला हसू येईना. आमच्या या हिरव्या गवताच्या जागी कुणाची चूल होती, हा विचार तोवर माझ्या मनाला शिवलाही नव्हता. आम्हाला कुणी हुसकलं नव्हतं, आम्ही पगारवाढीसाठी हललो होतो. तरीही मला त्या मोहरीवर पाय ठेवायला नको वाटलं.

प्रतिमा पुरायची वेळ आली तशी मी कुंडी बाजूला सारली आणि खुरपं घेऊन कुंपणाशी बसले. इथली माती उन्हानं दगड झालेली. नव्या साडीची वाट लागली. लेक हातांनी माती उपसत होती. प्रतिमा जमिनीत गेली, तेव्हा तिनं विचारलं, "सो वुई आर स्टेइंग?"

"हो," मी म्हणाले.

वर्षभरात नवऱ्याला आणखी पश्चिमेच्या फिनिक्सची ऑफर आली. मी भांडले, अबोला धरला, आणि शेवटी खोकीही मीच भरली. घर एका तेलुगू कुटुंबानं घेतलं. प्रतिमा लेकीनं उकरू दिली नाही. रिकामी कुंडी मात्र नवऱ्यानं आठवणीनं ट्रकमध्ये चढवली.

निघताना लेक कुंपणाशी उभी होती. "आई, ते लोक पण पूजा करतील?"

"करतील."

"मोहरी टाकतील?"

"टाकतील गं. चल, बस गाडीत."

गाडी हायवेला लागली. मग ती मागच्या सीटवरून म्हणाली, "देन व्हेअर विल वास्तुपुरुष गो?"

या वेळी नवरा हसला नाही.