गुंडू पुढं, अण्णा मागं

अण्णा गेले, हा फोन आला तेव्हा मी एचएसआर लेआउटमध्ये रिक्षात एकटाच बसलो होतो, उजव्या कडेला. ऐकलं, आणि पहिली गोष्ट काय केली, तर सरकून बरोबर मध्ये बसलो. रडणं नंतर, वजन आधी... ही अण्णांची शिकवण.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. आनेकलजवळच्या तळ्यात त्यांची मासेमारीची होडी होती, लहानशी, मागे मोटर लावलेली. तिच्यात बसणं म्हणजे परीक्षाच. जाळं मधोमध, तळाशी. पेट्रोलचा डबा डावीकडे, कारण अण्णा उजवीकडे कलून बसायचे. उभं राहायचं नाही, दोघांनी एकाच बाजूला वाकायचं नाही. मी तेव्हा इतका हडकुळा होतो की माझ्या खांद्यावर चतुर बसला तरी होडी त्या बाजूला कलायची, आणि अण्णा म्हणायचे, "त्याला दुसऱ्या खांद्यावर घे." एकदा एक कटला मासा आपणहून उडी मारून होडीत पडला. पकडायच्या आधी अण्णांनी त्याला अदबीनं सांगितलं, "स्वल्प मध्ये सरका." तो सरकला. मी साक्षीदार आहे. जमिनीवरही तीच सवय. हेब्बाळच्या एका लग्नात त्यांनी अख्खा वरपक्ष उठवून दुसऱ्या बाजूला बसवला, कार्यालय कलतंय म्हणून.

अडचण अण्णांच्याच वजनाची होती. माणूस भरभक्कम, आणि बसायचं मागे मोटरपाशी. एकटे असले की मागचं टोक पाण्यात, पुढचं आभाळात. म्हणून त्यांनी घरातल्या रगड्याचा, इडलीचं पीठ वाटायचा गोल दगड पळवून पुढे ठेवला. त्याला आम्ही कन्नडातल्यासारखं 'गुंडू' म्हणतो. आता कन्नडात गोलमटोल माणसालाही गुंडूच म्हणतात. आणि अण्णांची बायको, जिला अख्खी गल्ली अक्का म्हणते, ती... असो, मला अजून तिच्याच हातचं जेवायचं आहे.

तर अक्का पहिल्यांदा होडीत बसायला आली. नवी साडी, हातात डबा, एक पाय होडीत, एक काठावर. तेवढ्यात अण्णा मागून माझ्यावर ओरडले, "अरे, त्या गुंडूला नीट मधोमध बसव, नाहीतर सगळे बुडू."

अक्कानं पाय काढून घेतला.

"दगडाला म्हणालो गं."

"होय की. दगडालाच बसवा मग."

त्यानंतर ती होडीत बसली नाही. अण्णांनी काय नाही केलं... होडीला तिच्या आवडीचा पिवळा रंग दिला, पुढे तिच्यासाठी उशी ठेवली, दगडाचं नाव बदलून 'साहेब' केलं, पण तोंडातून निघायचं गुंडूच. दर रविवारी विचारायचे, "येतेस का, एकच फेरी?" ती म्हणायची, "जागा भरलीय." त्यांची एवढी एकच इच्छा राहिली.

मागच्या रविवारी अक्का आपणहून म्हणाली, "चल, फिरव मला." ती पुढे उशीवर बसली, डबा मांडीवर घेऊन. मी अण्णांच्या जागी बसलो, पण अण्णांचं वजन कुठून आणू? पुढचं टोक दबलं, मागचं उचललं, मोटरचा पंखा पाण्याबाहेर येऊन असा किंचाळला की तळ्यावरचे बगळे आनेकलच्या बसस्टँडवर जाऊन उभे राहिले असतील. मी मोटर बंद केली. वजनाचा विषय काढायची माझी छाती नव्हती.

अक्कानंच विचारलं, "गुंडू कुठंय?"

"तुझ्या पायाशी."

"मागं ने. त्यांच्या जागी ठेव."

मी मधोमध रांगत तो दगड मागे नेला, मोटरपाशी ठेवला. होडी ताटासारखी सपाट झाली, पंखा पाण्यात गेला. अक्का मागे वळली नाही. डब्याचं झाकण उघडत, तळ्याकडे बघत म्हणाली, "सरी, ठीक आहे. अहो गुंडू, निघा आता."

मला अक्का अरेतुरे करते. मी मुकाट्यानं मोटर चालू केली.