टोकण्याचा हक्क

जुन्या सागाच्या फळीवर रंधा फिरला की जो वास सुटतो, त्याची किंमत मला अजून करता आलेली नाही. बाकी सगळ्याची करता येते. लोणावळ्यात पाडल्या जाणाऱ्या बंगल्यांची दारं-खिडक्या मी घेतो आणि विकतो. भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नाही. भाद्रपदात शेडच्या पत्र्यावरून धुकं थेंबाथेंबानं उतरतं, कुंपणाशी तेरडा फुलतो, आणि आत भाजे गावचे सुतार नामदेवभाऊ जुन्या लाकडाचं नवं अंग उघडं करत असतात.

भाऊ मला टोकायचे. रागावायचे नाहीत, उपदेश तर नाहीच. गिऱ्हाइकापुढे माझा आवाज चढला, की आतला रंधा थांबायचा. एवढंच. आवाज खाली आला, की पुन्हा सुरू. रखवालदार हटकतो तो परक्याला. नातलग टोमणा मारतात, त्यांना तो लागलेला बघायचा असतो. टोकणाऱ्याला काही मिळवायचं नसतं. तो क्षणभर थांबवतो आणि पुढचं तुमच्यावर सोडतो. त्यासाठी माणूस आपलाच असावा लागतो. सगळं मान्य. पण टोकायलाही वेळ-काळ असतो की नाही?

गेल्या वर्षी आंबी गावच्या एक मावशी घराचं जुनं दार टेम्पोत घालून विकायला आल्या. सासऱ्यांनी बसवलेलं, म्हणत त्या त्याच्यावरून हात फिरवत होत्या. मी सवयीनं तोंड वाकडं केलं.

"वाळवी लागलीय हो, मावशी. जळणातच जायचं हे."

रंधा थांबला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेव्हा भाऊ भुसा झटकत चक्क बाहेर आले आणि त्यांनी दारावर टिचकी मारली.

"वाळवी कुटं, शेठ? तुमच्या-आमच्यापरीस निरोगी हाय."

"बघा की! मला वाटलंच," मावशी हसल्या.

माझा तोल गेला. "तुम्हाला दारं घासायला ठेवलंय, भाऊ. मला टोकायला नाही!"

"बरं, शेठ," म्हणून ते आत गेले. दार आलं तसं आंबीला परतलं.

त्या दिवसापासून माझ्यासाठी रंधा एकदाही थांबलेला नाही. ही कुठली रीत? संतापात बोललेलं एक वाक्य या माणसानं हुकूम म्हणून पाळावं? काहीही विचारा, "व्हय शेठ." काहीही दाखवा, "बरोबर हाय शेठ." इतकी वर्षं जो हक्क न मागता घेतला, तो असा मुकाट्यानं टाकून द्यायचा? चूक माझीच होती, तेही कबूल करीन. पण आधी त्यांनी टोकावं तर!

परवा एक जोडपं खिडकी बघायला आलं. "अख्खी अखंड आहे, कुठं सांधा दिसतोय का बघा," मी शेडकडे तोंड करून, मुद्दाम मोठ्यानं म्हणालो. तिचा कुजलेला कोपरा काढून भाऊंनीच नवा तुकडा जोडला होता, इतक्या सफाईनं की मलाही शोधावा लागतो. आत रंधा चालूच राहिला, त्याच संथ लयीत. जोडप्याचा विश्वास बसत चालला होता. मी आणखी काही सांगायला तोंड उघडलं, आणि बोट आपोआप त्या तुकड्यावर गेलं.

"एक सांधा आहे," मी म्हणालो. "खालच्या कोपऱ्यात. भाऊंनी बसवलाय."

आतला रंधा थांबला.

फळी संपली असेल. आत जाऊन बघता आलं असतं. धुक्यातून सागाचा वास तेवढा येत होता, आणि मी गिऱ्हाइकांना विसरून कान देऊन उभा होतो.