नकाशातली सुतळी गल्ली

आमच्या हानखौ शहरात स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की आधी कानावर पडायचं ते नकाशेवाल्या बायकांचं ओरडणं. "नवा नकाशा! याच वर्षीचा!" तो कागद घेऊन शहरात शिरणाऱ्या लाखो लोकांच्या हे गावीही नव्हतं, की त्यातली गल्ली न् गल्ली एक माणूस पायाखाली घालून आलेला आहे. श्योंग माओलिन त्याचं नाव. पंचविसाव्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर साली, तो नकाशे छापणाऱ्या कचेरीत लागला. पुढची पस्तीस वर्षं काम एकच: छापायच्या आधीचा कच्चा नकाशा आठ घड्या घालून खिशात कोंबायचा, तांबडी पेन्सिल कानावर खोचायची, सायकल काढायची आणि कागदावरचं शहर जमिनीवर आहे की नाही ते बघून यायचं. नसेल ते खोडायचं, नवीन असेल ते काढायचं.

सुरुवातीला या नोकरीला लोक हसायचे. शहर काय रोज उठून पळून जातं की काय, असं त्याची सासू म्हणायची, आणि तिचंही बरोबर होतं. पहिल्या वर्षी महिनाभर हिंडून श्योंगने चार तांबड्या खुणा आणल्या. एक बसथांबा सरकलेला, दोन शाळांची नावं बदललेली, एक सार्वजनिक संडास नवीन. संपादकांनी चष्म्यावरून बघितलं. "महिनाभर कुठल्या चहाच्या दुकानात झोपा काढल्यास?" त्याने शपथेवर सांगितलं, की सगळं शहर पाहिलं, ते आहे तसंच आहे. तो नकाशा चार वर्षं चालला, आणि चौथ्या वर्षीही त्यावर कोणी चुकलं नाही.

त्याची एक पद्धत होती. पाटीवर भरवसा ठेवायचा नाही. गल्लीत शिरायचं, दारात भाजी निवडत बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारायचं, "आजी, ही गल्ली कोणती?" तिने तोंडाने नाव सांगितलं की मगच खूण. या पायी त्याला शहराच्या निम्म्या भानगडी ठाऊक झाल्या. कोणाची सून माहेरी निघून गेली, कोणाच्या घरात टीव्ही आला आणि त्या दिवसापासून शेजारी उठायचं नाव घेत नाहीत, सगळं. म्हाताऱ्या त्याला कमळकंदाचं सूप पाजायच्या आणि वर दम भरायच्या, "आमची गल्ली बारीक अक्षरात छापलीस, शेजारची ठळक. त्यांनी काय चारलं तुला?"

त्याची स्वतःची गल्ली होती सुतळी गल्ली. यांगत्सेच्या धक्क्याजवळ, एकेकाळी तिथे जहाजांसाठी दोर वळायचे म्हणून ते नाव. एकतीस दारं, एक नळ. सकाळी नळावर बादल्यांची रांग आणि त्या रांगेवरून भांडणं, ती भांडणं संध्याकाळपर्यंत विसरून लोक एकमेकांच्या चुलीवर तिखट मागायला हजर. उन्हाळ्यात आमच्याकडे भिंतीसुद्धा तापून निघतात, म्हणून सूर्य कलला की सगळी गल्ली फरशीवर पाणी मारायची आणि घराघरांतून बांबूच्या खाटा बाहेर यायच्या. एकाला एक खेटून खाटा. म्हातारे बुद्धिबळ मांडायचे, बायका कलिंगड कापायच्या, पोरं या टोकाच्या खाटेवरून त्या टोकाच्या खाटेपर्यंत जमिनीला पाय न लावता पळायची. श्योंग म्हणजे अस्वल. आडनावच तसं, त्याला तो काय करणार! गल्लीभर त्याचं नाव अस्वल्या. ते नाव अकरा नंबरमधल्या यिन ग्वेलानने पाडलं होतं. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. त्याला पाढे तिने शिकवले, आणि चुकला की पंख्याच्या दांड्याने टोले द्यायचं कामही तिनेच आनंदाने केलं. पासष्ट साली ती शेकडो पोरापोरींबरोबर देशाच्या पार वायव्य टोकाला, शिनच्यांगला कापसाच्या शेतांवर गेली. छातीला कागदी फूल लावून गेली आणि तिकडचीच झाली. चौऱ्याहत्तरमध्ये तिची आई वारली तेव्हा तार पोचून रजा मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढे दिवस पालटले, आणि पालटले म्हणजे किती! नकाशा आधी दोन वर्षांनी निघू लागला, मग दर वर्षी, मग वर्षातून तीनदा. मे महिन्यात ज्याला भाताचं खाचर म्हणून सोडलं, तिथे पुढच्या वर्षी सतरा मजले उभे. तांबड्या पेन्सिली डझनाने लागू लागल्या, श्योंगच्या दोन सायकली निकामी झाल्या, पायाच्या नखांचं तर विचारूच नका. पण तो कुरकुरला नाही. पंचाण्णव साली नदीवरचा दुसरा पूल त्याने स्वतःच्या हाताने नकाशावर काढला. त्या दिवशी त्याचा ऊर असा भरून आला की घरी जाऊन त्याने बायकोला पूल कसा काढला ते जेवणाच्या ताटाशेजारी काड्या मांडून दाखवलं. बायको युनश्या, सुतळी गल्लीतल्याच तेवीस नंबरची. ती म्हणाली, "पूल उचला आणि माझ्या खायच्या काड्या परत द्या."

खोडण्याचंही त्याला काही वाटत नसे. भिंतीवर पांढऱ्या रंगात गोल काढून आत 'पाडा' असं लिहिलेलं दिसलं, की महिन्याभराने तिथे जाऊन नाव खोडायचं. शेकडो गल्ल्या अशा गेल्या. मग सत्त्याण्णव साली तो गोल सुतळी गल्लीच्या भिंतीवर आला.

रडारड वगैरे झाली नाही, उलट श्योंगची आई खूश होती. लांब का होईना, सहाव्या मजल्यावर घर, घरात संडास, घरात नळ. पहिल्या दिवशी तिने तो नळ सहा वेळा सोडून बघितला. दोन वर्षं ती त्या घरात सुखाने राहिली, फक्त म्हणायची, की इथे खाट कुठे टाकायची ते कळत नाही.

गल्ली पाडल्यावर श्योंग कच्चा नकाशा घेऊन तिथे गेला. पत्र्याच्या कुंपणाआड मोठा खड्डा, खड्ड्यात यंत्र. नाव विचारायला एकही म्हातारी नाही. त्याने पेन्सिल टेकवली, आणि पुन्हा कानावर ठेवून दिली. या खेपेला राहू दे, पुढच्या खेपेला खोडू, असं तो स्वतःशीच म्हणाला. पुढच्या खेपेलाही तेच म्हणाला. त्या जागी पाच मजली दुकानांची इमारत उभी राहिली, तिची काचेची दारं आपोआप उघडू लागली, तरी नकाशावर तिच्या पोटातून सुतळी गल्लीची बारीक रेघ जातच राहिली. कचेरीत त्याच्याइतकं शहर कोणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे विचारणार कोण? गल्लीतले जुने लोक मात्र शहराच्या चारी टोकांना पांगले होते, तिथून दरवर्षी नवा नकाशा घ्यायचे आणि त्याला फोन करायचे. "अस्वल्या, आहे रे! अजून आहे!" फोन ठेवल्यावर तो दिवसभर खुशीत असायचा. बारा वर्षं हे असं चाललं.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये, सकाळी कचेरीत फोन वाजला. नकाशाच्या पाठीमागे 'चूक आढळल्यास कळवा' म्हणून नंबर छापलेला असतो, त्यावर फार तर वेडे आणि निवृत्त शिक्षक फोन करतात. या वेळी बाईचा आवाज होता, दमलेला. "तुमच्या नकाशात सुतळी गल्ली दाखवलीय. मी सकाळपासून चार फेऱ्या मारल्या. इथे सगळी दुकानंच आहेत. मीच चुकतेय का?" श्योंगने विचारलं, "आपण कोण?" ती म्हणाली, "मी अकरा नंबरची. शिनच्यांगहून आलेय."

तो सायकल विसरून टॅक्सीने गेला. दुकानांच्या इमारतीसमोर पायरीवर एक उन्हाने रापलेली बाई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर उघडलेला नकाशा. चव्वेचाळीस वर्षं गेली होती, पण बसण्याची ढब तीच.

"ग्वेलानताई," तो म्हणाला. "मी अस्वल्या."

तिने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "केस गेले की रे तुझे."

दोघं हसले. मग तिने एका दमात सगळं सांगितलं. अठ्ठ्याण्णव साली शेजारणीचं पत्र आलं होतं, की गल्ली पाडली. तेव्हा शेताच्या बांधावर बसून ती पोटभर रडली आणि विषय संपला. यंदा त्यांच्या शेतावरचा ट्रकवाला इकडे येऊन गेला, त्याने आठवण म्हणून नकाशा आणला. त्यात गल्ली. शेजारणीने उगाच घाबरवलं होतं तर! निदान निम्मी तरी उरली असणार. "आईच्या वेळेला यायला जमलं नव्हतं. म्हटलं, त्या उंबऱ्यावर एकदा उभं राहून यावं. गुडघे आहेत तोवर. दोन दिवस दोन रात्री गाडीत बसून आलेय." तिने नकाशावर बोट ठेवलं. "हे कसं काय छापलं तुमच्या लोकांनी? कोणीतरी बघतं ना?"

श्योंगला काहीही सांगता आलं असतं. छापखान्याची चूक म्हणून वेळ मारून नेता आली असती. "मीच बघतो," तो म्हणाला. "पाडली तेव्हाही मीच बघितली. मला खोडवली नाही, ताई."

काचेची दारं उघडत होती, मिटत होती, आतला गार वारा त्यांच्या पाठीवर येत होता.

"आत चल," तो घाईने म्हणाला. "मला पावलं पाठ आहेत. अकरा नंबर नेमका कुठे येतो ते दाखवतो."

"नको. आईसाठी आलेय मी. मला चपलांच्या दुकानात उभी करू नकोस." मग हळू आवाजात, "माझं एकदा रडून झालं होतं, अस्वल्या. तू मला परत रडायला लावलंस."

तो तिला कोपऱ्यावर तिळाच्या चटणीतल्या शेवया खायला घेऊन गेला, कारण आमच्याकडे कोणाला काय बोलावं सुचेनासं झालं की शेवयांच्या दुकानात नेतात. पहिल्या घासाला तिचे डोळे मिटले. शिनच्यांगला हे मिळत नाही. वाटी चाटूनपुसून झाल्यावर तिने विचारलं, "घरी नळ आहे?"

"तीन आहेत."

"गार हवेचं यंत्र?"

"दोन खोल्यांत."

"मग त्या गल्लीचं काय घेऊन बसलास? हिवाळ्यात रांगेत उभं राहून माझ्या आईच्या बोटांना भेगा पडायच्या. ते विसरलास?"

"विसरलो नाही. पण तिथून गेल्यावर मला अस्वल्या म्हणणारे नकाशा निघाला की फोनवर तेवढे भेटतात," तो म्हणाला. "बाकी सगळे श्योंग मास्तर म्हणतात."

तिने त्याच्या टकलावर टपली मारली, अगदी पाढे चुकल्यावर मारायची तशी. संध्याकाळी तो तिला नदीच्या बांधावर घेऊन गेला. दोन्ही काठांवर दिवे लागले. एवढे दिवे बघून ती म्हणाली, की आईला हे दाखवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी स्टेशनावर गाडीत चढता चढता तिने त्याचा हात धरला. "काढून टाक ती. माझ्यासारखी आणखी कोणी येईल. सगळ्यांचे गुडघे चांगले नसतात."

सोमवारी तो कचेरीत गेला. तोवर कागदावर खोडण्याचे दिवस संपले होते, सगळं संगणकावर, आणि संगणकावर वान चिंग नावाची सव्वीस वर्षांची मुलगी. तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. "सुतळी गल्ली काढून टाकायचीय."

तिने वर बघितलं. "खरंच काढायची, मास्तर?" आणि थोड्या वेळाने, "नोकरीला लागले त्याच आठवड्यात मी वरून काढलेल्या फोटोशी ताडून बघितलं होतं. तिथे गल्ली नाही. तुम्हाला कसं विचारायचं कळेना, म्हणून मीही राहू दिली."

तिने उठून खुर्ची त्याला दिली, कुठे दाबायचं ते दाखवलं. श्योंगने बोट ठेवलं आणि उचललं, पुन्हा ठेवलं. शेकडो गल्ल्या खोडलेला माणूस, आणि एका गल्लीला पाव तास लागला. शेवटी त्याने दाबलं. रेघ गेली. मोकळ्या झालेल्या जागेत दुकानांच्या इमारतीचं नाव जरा मोठ्या अक्षरात बसलं.

घरी आला तेव्हा युनश्या मोरीशी उभी राहून कमळकंद धूत होती. नळ सुरू होता. तो दारातच थांबला आणि म्हणाला, "आपली गल्ली आज पडली."

तिने नळ बंद केला, हात पुसले. बारा वर्षांपूर्वी काय झालं होतं ते तिलाही ठाऊक होतं, पण तिने तो विषय काढला नाही.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"साडेदहाला," तो म्हणाला, आणि मग मात्र त्याला बसावं लागलं.