दादाच्या पुस्तकातला जिल्हा

तमाम नागरिकांना कळवण्यास अत्यंत दुःख होतं की, गेल्या वर्षी एका रविवारी भर दुपारी जालना जिल्हा नाहीसा झाला. घटनास्थळ: तीर्थपुरी, आमच्या थोरल्या भावाची ओसरी. साक्षीदार चार: दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि सदर इसम, म्हणजे मी.

ही पुतणी माझ्याकडे जालना शहरात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. दोनदा थोडक्यात हुकली होती. तिला आणखी एक वर्ष हवं होतं. दादाचं म्हणणं, पुरे झालं, आता स्थळं बघू. शेवटी तोडगाही त्यानंच काढला. तो स्वतः सामान्य ज्ञानाचे दहा प्रश्न विचारणार. आठ बरोबर आले तर वर्ष मंजूर, नाहीतर मुक्काम घरी.

त्यासाठी त्यानं माळ्यावरून आपलं जुनं मार्गदर्शक पुस्तक काढलं. पुठ्ठा गेलेला, पानं तुरीच्या डाळीच्या रंगाची. मांडीवर पाटी, हातात खडू. वहिनी शेजारी गवार मोडत बसली. मी भिंतीला टेकून तमाशा बघायला सज्ज.

"जैनांचे तीर्थंकर किती?"

"चोवीस."

"बराबर."

पाणी किती अंशांना उकळतं, निजामाचं राज्य कोणत्या साली खालसा झालं, राज्यसभेच्या खासदाराची मुदत किती. पोरगी धडाधड सांगत सुटली. सात बरोबर झाले.

"ग्रह किती?"

"आठ."

"नऊ." दादानं पाटीवर फुली मारली.

"अण्णा, एक कमी केला शास्त्रज्ञांनी," ती बापाला म्हणाली.

"कमी केला? त्यांच्या बापाचा व्हता का? पुढचा. मतदानाला वय किती लागतं?"

"अठरा."

"एकवीस." दुसरी फुली.

मला राहवेना. "दादा, मी स्वतः अठराव्या वर्षी मत टाकलंय."

"तू कुठंबी घुसतो. परीक्षक मी हाय. छापलेलं खोटं असतं व्हय?"

पोरीचा चेहरा उतरला. उरला एकच प्रश्न.

"जालना हे शहर कोणत्या जिल्ह्यात आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बापाला दया आली, असं तिला वाटलं असावं. "जालना," ती म्हणाली.

दादानं बोट ठेवून उत्तर वाचलं. परत वाचलं. "औरंगाबाद," तो म्हणाला, आणि खडू पाटीवर तसाच अडकला.

मी पुस्तक ओढून घेतलं आणि पहिलं पान त्याच्यापुढे धरलं. पुस्तक छापलं तेव्हा आपला जिल्हा झालेलाच नव्हता. मतदानाचं वयही तेव्हा एकवीसच होतं. दादानं बराच वेळ ते पान न्याहाळलं. मग अंगठ्यानं दोन्ही फुल्या पुसल्या.

"एक वर्ष," तो पोरीला म्हणाला. ती लगेच आत बॅग भरायला पळाली. बापाचा विचार बदलायच्या आत बस गाठलेली बरी.

दादा मात्र पुस्तक मिटून बसून राहिला. "ह्याच्यावरच मी ग्रामसेवकाच्या परीक्षेला बसल्तो," तो हळूच म्हणाला. "हाच प्रश्न आल्ता. नवा जिल्हा झाला ते मला माहीत व्हतं. पण म्हणलं, पुस्तकात औरंगाबाद हाय, मंग तेच लिवलेलं बरं."

वहिनीचा गवारीतला हात थांबला. "अहो, पण ती भरती जालना जिल्ह्याचीच व्हती ना?"